ज्युनिअर जवान हुकूम मोडतो तेव्हा: एका नव्या नायकाला उत्तर

तुझा प्रश्न इतरांसाठी थोडक्यात मांडतो. तू पायदळाच्या बटालियनमध्ये नवा नायक, म्हणजे दोन फितींचा एनसीओ (जवानांमधूनच वर आलेला कनिष्ठ अधिकारी). सेक्शन कमांडर हवालदार सुट्टीवर गेल्यामुळे सेक्शन, म्हणजे दहा-एक जवानांची तुकडी, सध्या तुझ्याकडे आहे. एका जवानाला ताप भरला, म्हणून रात्री रोल कॉल झाल्यावर तू एका अग्निवीराला सांगितलंस की दोन ते चारची संतरी (पहाऱ्याची) ड्युटी त्यानं करावी. तो सगळ्यांसमोर म्हणाला, "दर वेळी मीच का? नाही जाणार. काय करायचं ते करा." शेवटी दुसरा एक मुलगा आपणहून उभा राहिला. आता एक सीनियर सांगतोय, पिट्ठू (पाठीवरची वजनाची पिशवी) लावून तासभर पळव, सरळ होईल. दुसरा म्हणतोय, चार्ज (लष्करी कायद्याखालचा आरोप) लाव. तुला वाटतंय, चार्ज लावला तर पोराची चार वर्षं मातीत जातील आणि सोडून दिलं तर उद्या सेक्शन ऐकणार नाही.

मी शिपाई म्हणून भरती झालो आणि सुभेदार म्हणून निवृत्त झालो. आधी सीएचएम (कंपनी हवालदार मेजर) आणि नंतर कंपनीचा सीनियर जेसीओ (ज्युनिअर कमिशन्ड ऑफिसर, म्हणजे नायब सुभेदार ते सुभेदार मेजर) असताना अशी प्रकरणं माझ्याकडेच यायची. त्या अनुभवावरून सांगतो.

पिट्ठूचं आधी निकालात काढू. लावू नकोस. आर्मी ॲक्ट १९५० च्या कलम ८० प्रमाणे कोर्ट मार्शलशिवाय जवानाला शिक्षा देण्याचा अधिकार कमांडिंग ऑफिसरचा आहे, आणि ज्या अधिकाऱ्यांना लष्करप्रमुखांनी केंद्र सरकारच्या संमतीनं तो दिलाय त्यांचा. त्यात नायक नाही, हवालदार नाही आणि सुभेदार मेजर साहेबसुद्धा नाहीत. ट्रेनिंग सेंटरमध्ये उस्तादांनी आपल्याला रगडा (शिक्षा म्हणून दमवणारी कवायत) दिला, आपण निमूट घेतला, म्हणून तो आपलाही हक्क झाला असं पुष्कळ एनसीओंना वाटतं. तसं काही नाही. हाताखालच्या माणसाला मारणं किंवा कुठल्याही तऱ्हेनं छळणं याला त्याच कायद्याचं कलम ४७ आहे, आणि त्यात सात वर्षांपर्यंत कैद आहे. मे महिन्याच्या उन्हात पोरगा पाठीवर वजन घेऊन कोसळला तर त्यानं ड्युटी नाकारली होती हे कोणाच्या लक्षातही राहणार नाही. कोर्ट ऑफ इन्क्वायरीत सगळे प्रश्न तुला विचारले जातील.

शिवाय रगडा दिला की प्रकरण मिटल्यासारखं होतं, हा त्याचा खरा तोटा. त्यानं तुला उलट उत्तर दिलं, तू त्याला पळवलंस, हिशेब बरोबर झाला, असं सगळी बरॅक समजते. म्हणजे गुन्हा तुझ्याविरुद्ध होता आणि वसुली तूच केलीस. खरं तर त्यानं जे मोडलं ते तुझं नव्हतं. रात्री दोन वाजता त्या पोस्टवर माणूस हवा, ही बटालियनची गरज होती. तू फक्त ती त्याच्यापर्यंत पोचवलीस. हे तुझ्या डोक्यात पक्कं असलं तर तुझा आवाजही चढत नाही आणि पुढची पावलंही बरोबर पडतात. भांडण तुझं आणि त्याचं झालं की तू हरलास, मग शेवटी वाकला तो असला तरी.

आता चार्जकडे येण्याआधी मला तुझ्याकडून एक गोष्ट कळायला हवी. तू नेमकं काय बोललास? "अरे, आज दोन-चारला तू जा ना जरा" असं म्हणालास, की स्पष्ट हुकूम दिलास? नवे नायक इथेच अडखळतात. कालपर्यंत ज्यांच्याबरोबर एका ताटात जेवलो त्यांना हुकूम द्यायला जीभ वळत नाही, म्हणून विनंतीच्या सुरात सांगतात, आणि समोरचा नाही म्हणाला की अचानक फीत आठवते. विनंती नाकारणं गुन्हा नाही. हुकूम हा नाव घेऊन, काम, जागा आणि वेळ सांगून द्यायचा: "अमुक, आज रात्री दोन ते चार, पोस्ट नंबर दोनवर संतरी ड्युटी तुझी. समजलं?" एवढंच. आवाज नेहमीचा. त्यात "नेहमी तुझीच तक्रार असते" वगैरे शेपूट जोडायचं नाही, कारण मग तो त्या शेपटाला उत्तर देतो.

नाही म्हणाला तर दुसऱ्यांदा सांगायचं, आणि या वेळी हा हुकूम आहे, न पाळल्यास रिपोर्ट होईल, हेही सांगायचं. शक्य असेल तर दुसरा एनसीओ जवळ असू दे. तरीही नाही म्हणाला, तर थांबायचं. तिसऱ्यांदा सांगायला जाऊ नकोस. तिसऱ्या वेळेला नेहमी कोणीतरी कॉलर धरतं. पोस्टवर दुसरा माणूस उभा कर, कारण पोस्ट रिकामी राहिली तर तो तुझा गुन्हा. मग त्याच रात्री प्लाटूनच्या जेसीओ साहेबांना किंवा सीएचएमना जाऊन तोंडी रिपोर्ट दे. सकाळी सांगू म्हणून झोपलास, तर सकाळपर्यंत लंगरमध्ये (जेवणघरात) त्या प्रसंगाच्या चार आवृत्त्या तयार असतात आणि त्यातली तुझी सर्वात उशिरा पोचते.

आणि लिहून ठेव. साध्या वहीत, तारीख आणि वेळ टाकून. कोण कोण हजर होतं, तू काय म्हणालास, तो काय म्हणाला. त्याचे शब्द त्याच्याच भाषेत, जसेच्या तसे लिही. "उद्धटपणे बोलला" हे लिहिणं निरुपयोगी आहे. कमांडिंग ऑफिसर विचारतात, काय बोलला ते सांग. तिथं "साहेब, उद्धट बोलला" एवढंच निघालं तर तुझं प्रकरण तिथंच लंगडं पडतं. शिवी दिली असेल तर शिवी लिही, लाजू नकोस. दिली नसेल तर घालू नकोस.

कायद्याचं थोडं समजून घे, म्हणजे तुझा तो सीनियर "चार्ज लाव" म्हणतो तेव्हा तो कशाबद्दल बोलतोय हे तुला कळेल. पहिली गोष्ट, कायद्यात 'वरिष्ठ अधिकारी' या शब्दात जेसीओ आणि एनसीओ येतात. म्हणजे तुझा हुकूम मोडणं हा नायकाचा हुकूम म्हणून हलका ठरत नाही. कलम ४१ मध्ये दोन पायऱ्या आहेत. वरिष्ठानं आपल्या कामाच्या अधिकारात समोरासमोर दिलेला कायदेशीर हुकूम उघड आव्हान देऊन धुडकावला, तर चौदा वर्षांपर्यंत कैद. साधी अवज्ञा असेल तर शांततेच्या काळात पाच वर्षांपर्यंत, ॲक्टिव्ह सर्व्हिसवर चौदा. ॲक्टिव्ह सर्व्हिस म्हणजे गोळ्या सुटत असतानाच, असं समजू नकोस. कलम ९ खाली सरकार अधिसूचना काढून शांत दिसणाऱ्या भागातल्या सेवेलाही तो दर्जा देऊ शकतं. कलम ४० वरिष्ठावर हात टाकणं, धमकी आणि बेअदबीची भाषा याबद्दल आहे. कलम ४२ मध्ये इतर गोष्टींबरोबर स्थायी किंवा सर्वसाधारण आदेशांकडे दुर्लक्ष करणं येतं. आणि कशातच नीट न बसणाऱ्या गोष्टींसाठी कलम ६३, शिस्तीला बाधक वर्तन.

आकडे ऐकून घाबरू नकोस, त्यालाही घाबरवू नकोस. तुझ्या पोरासारखी बहुतेक प्रकरणं कंपनी कमांडरच्या ऑफिसातच संपतात, आणि त्यातली थोडी कलम ८० खाली सीओ (कमांडिंग ऑफिसर) साहेबांसमोर जातात. तिथं जास्तीत जास्त २८ दिवसांची मिलिटरी कस्टडीतली कैद किंवा डिटेन्शन, लाइनबंदी (बरॅकीच्या हद्दीबाहेर जायला मनाई), जादा गार्ड किंवा ड्युट्या, चौदा दिवसांच्या पगारापर्यंत दंड, अशा शिक्षा आहेत.

यातला 'कायदेशीर' हा शब्द मात्र विसरू नकोस. संतरी ड्युटी कायदेशीर आहे, त्यात शंका नाही. पण कोणाच्या घरचा सिलिंडर आणायला पाठवणं, कोणाच्या पोराला शाळेत सोडायला लावणं, हे सैनिकी काम नव्हे, आणि ते नाकारणाऱ्यावर अवज्ञेचा चार्ज टिकत नाही. असली कामं सांगून सांगून ज्याची जीभ सैल झालीये, त्याच्या खऱ्या हुकुमाचाही मान राहत नाही. मला भेटलेल्या बेशिस्त म्हणवल्या गेलेल्या पोरांपैकी कितीतरी अशाच कामांनी बिघडवलेली होती.

आता त्याच्या बोलण्यातल्या दुसऱ्या भागाकडे ये. "दर वेळी मीच का?" हा प्रश्न आहे, आणि तो खरा असू शकतो. आज संध्याकाळी ड्युटीची वही उघड आणि गेल्या महिन्याभरातल्या रात्रीच्या दोन ते चारच्या ड्युट्या कोणाच्या वाट्याला किती आल्या ते स्वतः मोज. ती वेळ सगळ्यात वाईट. झोप दोन तुकड्यांत मोडते. जुने जवान ती टाळतात, लिहिणारा आपल्या गाववाल्याला वाचवतो, कोणी स्पोर्ट्सच्या टीममध्ये, कोणी साहेबांच्या ऑफिसात, आणि मग सगळं येऊन पडतं सेक्शनमधल्या सर्वात नव्या दोघांवर. माझ्या कंपनीत एकदा असाच एक मुलगा आला, सांगली जिल्ह्यातला, बारावी शिकलेला. त्यानं महिन्याचा हिशेब कागदावर काढून आणला होता. सीएचएम भडकले, म्हणाले, हा वकील झाला का? मी कागद पाहिला, बरोबर होता. त्यानंतर आमच्याकडे ड्युटी रोस्टर नोटीस बोर्डावर लागायला लागला आणि अर्ध्या कुरबुरी बंद झाल्या. तो मुलगा पुढे चांगला सेक्शन कमांडर झाला, असं सांगता आलं असतं तर बरं वाटलं असतं. तो पंधरा वर्षं करून पेन्शनवर गेला आणि शेवटपर्यंत तसाच कटकट्या राहिला. पण त्याचं गणित बरोबर होतं.

तक्रार खरी निघाली तरी ड्युटी नाकारणं बरोबर ठरत नाही. दोन्ही एकाच वेळी खरं असू शकतं, आणि ते त्याला तसंच सांगायला हवं. आधी ड्युटी करायची, उतरल्यावर तक्रार करायची. तक्रारीला रस्ता आहे. तू, प्लाटूनचे जेसीओ साहेब, कंपनी कमांडरचा इंटरव्ह्यू, सैनिक संमेलन (पलटणीची सर्वांसमोरची सभा). आणि तिथंही दाद नाही लागली तर आर्मी ॲक्टचं कलम २६ त्याला वरपर्यंत जायचा हक्क देतं. जानेवारी २०१७ मध्ये, निमलष्करी दलातल्या एका जवानाचा जेवणाबद्दलचा व्हिडिओ देशभर फिरला त्याच महिन्यात, लष्करानं तक्रारींसाठी व्हॉट्सॲप नंबरसुद्धा सुरू केला. इंटरव्ह्यू मागणारा जवान हा कटकट नव्हे. ज्या कंपनीत कोणी इंटरव्ह्यू मागत नाही, तिथं मला जास्त काळजी वाटायची.

इथं तुला सुप्रीम कोर्टाचा एक निकाल सांगतो, कारण त्यात तुझ्या प्रश्नाच्या सगळ्या बाजू आहेत. रणजित ठाकूर विरुद्ध भारत सरकार, निकाल १९८७ चा. ठाकूर सिग्नलमन, म्हणजे सिग्नल दलातला जवान होता. आपल्याला वाईट वागवलं जातं अशी तक्रार त्यानं मधली साखळी ओलांडून थेट वरच्या अधिकाऱ्यांकडे पाठवली, म्हणून त्याला २८ दिवसांची कैद झाली. त्या कैदेत असताना मे १९८५ मध्ये त्याला जेवायचा हुकूम दिला गेला आणि त्यानं जेवण नाकारलं. झालं, कलम ४१ चा चार्ज. दुसऱ्याच दिवशी समरी कोर्ट मार्शल (पलटणीतच झटपट चालणारा लष्करी खटला), एक वर्ष सक्तमजुरी आणि नोकरीतून बडतर्फी. सुप्रीम कोर्टानं ते सगळं रद्द केलं. कारणं बघ: ज्या अधिकाऱ्यानं आधी शिक्षा केली होती तोच पुन्हा न्याय करायला बसला होता, कोर्टावर हरकत घ्यायचा हक्क आरोपीला दिला गेला नव्हता, आणि जेवण नाकारण्याला दिलेली शिक्षा गुन्ह्याच्या मानानं भलतीच मोठी होती. म्हणजे हुकूम मोडला गेला होता, तरी प्रकरण उभं राहिलं नाही. हे मोठ्या साहेबांचं झालं, नायकानं यातून काय घ्यायचं? ज्याचा राग आलाय त्यानं न्याय करू नये. म्हणूनच रिपोर्ट वर द्यायचा आणि आपण साक्षीदार होऊन बाजूला उभं राहायचं.

जेवण नाकारण्यावरून आठवलं. १८ फेब्रुवारी १९४६ ला आपल्या मुंबईत 'तलवार' या नौदलाच्या सिग्नल प्रशिक्षणाच्या तळावर खलाशांनी जेवण नाकारलं आणि बघता बघता ७८ जहाजं आणि सुमारे २०,००० खलाशी त्यात आले, कराचीपर्यंत पेटलं. आपण ते स्वातंत्र्यलढ्यातलं पान म्हणून अभिमानानं वाचतो, आणि तसंच वाचावं. पण फीत लावलेल्या माणसानं ते आणखी एकदा वेगळ्या नजरेनं वाचावं. आझाद हिंद फौजेच्या खटल्यांनी हवा तापलेली होती हे खरं. पण 'तलवार'वर रोजच्या जगण्यातलं कारण होतं निकृष्ट जेवण आणि कमांडिंग ऑफिसरची घाणेरडी शिवीगाळ. त्या शिवीगाळीबद्दल खलाशांनी आधी रीतसर तक्रारी केल्या होत्या. आपलं लष्कर परक्या सरकारचं राहिलेलं नाही, तुलना तिथंच संपते. पण शिवी आणि लंगर या दोन गोष्टी आजही सेक्शनमध्ये तेच काम करतात. तू जवानाला आईबहिणीवरून शिवी देत असशील तर ती आजपासून बंद कर. मराठा पोरांना ती मस्करी वाटते असं सांगणारे भेटतील. वाटत नाही.

आता त्या पोराशी बोलायचं कसं. आज किंवा उद्या, दोघांचाही पारा उतरल्यावर, आणि एकट्याशी. लाइनीत सगळ्यांसमोर नाही. मात्र दार बंद करून अगदी दोघंच असंही नको. प्लाटूनचे जेसीओ साहेब किंवा एखादा शहाणा हवालदार कानावर पडेल इतक्या अंतरावर असू दे, म्हणजे नंतर कोण काय बोललं यावर वाद नको. पहिलं वाक्य आरोपाचं ठेवू नकोस. "त्या रात्री काय झालं, तू सांग" इथून सुरू कर आणि मग गप्प राहा. आपल्या एनसीओंना गप्प राहणं सगळ्यात कठीण जातं. तो दोन वाक्यं बोलतो, आपण वीस बोलतो, आणि म्हणतो की पोरानं तोंडच उघडलं नाही.

ऐकताना तुला तीन गोष्टींमधला फरक करायचा आहे: त्याला समजलं नव्हतं, त्याला जमत नव्हतं, की त्याला करायचं नव्हतं. बाहेरून तिन्ही एकसारख्या दिसतात. ताप, पाठदुखी, न सांगितलेला पायाचा घाव, यासाठी आरएमओ (पलटणीचे डॉक्टर) साहेब आहेत. सिक रिपोर्टला पाठवताना "नाटक करतो" असं म्हणायचं नाही, ते ठरवणं डॉक्टरचं काम. घरचं काही असेल तर ते बहुतेक वेळा जमीन, लग्न किंवा कर्ज यांपैकी एक असतं. बांधावरून भाऊबंदकी चालू आहे, बाप एकटा आहे, आणि हा इथं बाराशे किलोमीटरवर रात्री फोनवर ऐकतोय. यावर उपाय आहे: कमांडिंग ऑफिसरचं पत्र जिल्हाधिकाऱ्यांना आणि पोलीस अधीक्षकांना जातं, जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय पाठपुरावा करतं. काम प्रत्येक वेळी होतंच असं नाही, पण पलटण आपल्या मागे उभी आहे हे त्याला दिसतं, आणि पुष्कळदा तेवढ्यानंच डोकं थंड होतं.

एक गोष्ट मात्र थांबून पाहायची नाही. पोरगा गप्प गप्प आहे, झोपत नाही, जेवण टाळतोय, फोन झाल्यावर रडतोय, किंवा "सगळं संपवतो" असलं काही बोलला, आणि त्याच्या हातात रायफल आणि जिवंत राउंड आहेत, तर त्याच क्षणी जेसीओ साहेबांमार्फत कंपनी कमांडरांना सांगून त्याला हत्यारी ड्युटीवरून काढ. गाजावाजा न करता. "तुझी ड्युटी आज स्टोअरमध्ये" एवढंच म्हण, एक समजूतदार बडी त्याच्याबरोबर ठेव आणि आरएमओ साहेबांकडे ने. अशा पोराला सगळ्यांसमोर अपमानित करून परत हत्यार देणं यासारखी धोक्याची गोष्ट पलटणीत दुसरी नाही. तुझ्या पोरात असं काही दिसतंय का, हे तू लिहिलेलं नाहीस. चार्जचा विचार करण्याआधी ते बघ.

दारूचंही याच जोडीला सांगून टाकतो. प्यायलेल्या माणसाला हुकूम देत बसायचं नाही आणि समजवायचं तर मुळीच नाही. तो जितके हुकूम मोडेल तितका त्याचा गुन्हा मोठा होतो, आणि तुझ्या छातीवर हात टाकला की प्रकरण कलम ४० मध्ये गेलं. शुद्धीवरची दोन-तीन माणसं लाव, त्यांनी त्याला सांभाळावं, गार्ड कमांडर आणि जेसीओ साहेबांना कळव, आरएमओ साहेबांना दाखव. बोलणं सकाळी.

अग्निवीरांबद्दल तू वेगळं विचारलंयस. जून २०२२ मध्ये योजना जाहीर झाली, चार वर्षांची सेवा, आणि प्रत्येक बॅचमधले २५ टक्क्यांपर्यंतच पुढे कायम होणार. आर्मी ॲक्ट त्यांनाही तसाच लागू आहे. शिस्तीत सूट नाही, आणि जास्तीची शिक्षाही नाही. फरक पडतो तो दोन बाजूंनी. एक, त्या पोराच्या डोक्यात सतत हिशेब चालू असतो की मी त्या पंचवीसमध्ये बसेन का. शेजारच्या खाटेवरचा त्याचा मित्रही आहे आणि स्पर्धकही. वर्षाला त्याला ३० दिवस सुट्टी, तर जुन्या जवानाला वार्षिक आणि कॅज्युअल मिळून ९०. दिवाळीला सीनियर घरी आणि हा पोस्टवर, हे त्याला दिसतं. दुसरी बाजू तुझी. तुझ्या तोंडच्या शब्दाला त्याच्या बाबतीत नेहमीपेक्षा जास्त वजन आलंय, आणि "तुला परमनंट कसा करतात बघतो" हे वाक्य आजकाल सहज तोंडातून निघतं. ते कधीही उच्चारू नकोस. ती तुझी धमकी खरी असेल तर तो अधिकाराचा गैरवापर, आणि खोटी असेल तर चार दिवसांत पोरांना कळतं. शिवाय ज्याला वाटलं की आपण त्या पंचवीसमधून आधीच बाहेर आहोत, त्याच्यावर पुढची दोन वर्षं तुझ्या हातात काहीच राहत नाही. त्याचं मूल्यमापन त्याच्या कामावरून व्हावं, फायरिंग, पीटी, ड्युटी, सगळं मिळून. एका रात्रीच्या वाक्यावरून नाही.

मग चार्ज लावायचा की नाही? तू लिहिलंयस त्यावरून माझं मत असं, की या वेळी नाही, पण रिपोर्ट नक्की. रिपोर्ट न करता मनात ठेवणं आणि थेट चार्जची मागणी करणं, या दोन्हींच्या मध्ये कंपनी कमांडर नावाचा माणूस बसलाय. तो बोलावेल, दोन्ही बाजू ऐकेल, झापेल, समज देईल, आणि बहुतेक वेळा तेवढं पुरतं. तू आधीच ठरवून जाऊ नकोस. "साहेब, याला आत टाका" असं म्हणणाऱ्या नायकाची साक्ष अधिकारी जरा संशयानंच ऐकतात.

पुढे मात्र त्यानं पुन्हा असंच केलं, स्वच्छ हुकूम, साक्षीदार हजर, रोस्टर सरळ, घरी सगळं ठीक, तब्येत ठीक, आणि तरी नाही म्हणाला, तर मागे हटू नकोस. तिथं दया दाखवणं म्हणजे ज्या मुलानं मुकाट्यानं त्याची ड्युटी केली त्याच्यावर अन्याय. चार्ज झाला की काय होतं ते माहीत असू दे. आर्मी रूल्स १९५४ च्या नियम २२ प्रमाणे चार्ज त्याच्यासमोर ऐकला जातो. टोपी-बेल्ट काढून त्याला सीओ साहेबांसमोर मार्च करतात, आणि तिथं त्याला तुला उलट प्रश्न विचारायचा पूर्ण हक्क आहे, आपले साक्षीदार आणायचाही. हो, तुझा ज्युनिअर तुला सीओ साहेबांसमोर विचारू शकतो की "तुम्ही त्या आधी मला काय म्हणालात?" ज्या एनसीओनं आधी शिवी दिलेली असते त्याचा चेहरा तिथं पांढरा पडलेला मी पाहिलाय. गुन्हा सिद्ध होत नसेल तर सीओ साहेब चार्ज तिथंच काढून टाकतात. तसं झालं तर तोंड पाडून बसू नकोस, ती तुझी हार नाही.

काही शिक्षांची नोंद लाल शाईत होते, हे तू ऐकलं असशीलच. चार लाल एंट्र्या झाल्या की घरी, असं बरॅकमध्ये सांगतात. तेही पूर्ण खरं नाही. २०१५ मध्ये वीरेंद्र कुमार दुबे यांच्या प्रकरणात सुप्रीम कोर्टानं सांगितलं की चार एंट्र्या झाल्या एवढ्यावरून आपोआप डिस्चार्ज देता येत नाही. गुन्हे किती गंभीर होते, माणसानं किती वर्षं आणि कुठल्या खडतर जागी सेवा केली, हे पाहावं लागतं. हे पोरांना सांगायला हरकत नाही. एक लाल एंट्री झाली म्हणून "आता माझं काय राहिलं" असं समजून वाया गेलेले जवान मी पाहिलेत, आणि त्यातल्या एकालाही कोणी बसवून हे सांगितलेलं नव्हतं.

शिक्षा झालीच आणि भोगून तो परत सेक्शनमध्ये आला, तर पहिल्या दिवशी त्याच्याशी कसा वागतोस याकडे सगळ्यांचे डोळे असतील. त्याला नेहमीची ड्युटी दे, नेहमीच्या सुरात. जादा नाही, कमी नाही. लंगरमध्ये त्याच्यावर विनोद होऊ देऊ नकोस. जुनी गोष्ट पुढच्या भांडणात काढायची नाही. शिक्षा झाली म्हणजे तो हिशेब पलटणीनं पुरा केलाय.

त्याला दुसऱ्या सेक्शनमध्ये पाठवायची मागणी करावी का, असंही तू शेवटी विचारलंयस. आत्ता नको. नव्या नायकानं पहिल्याच महिन्यात माणूस बदलून मागितला तर कंपनीत त्याचा अर्थ एकच निघतो, आणि तो पोरगा नव्या सेक्शनमध्ये आपल्यामागे बदनामी घेऊनच जातो. दोन-तीन महिन्यांनीही तुमचं जमलं नाही, तर सीनियर जेसीओ साहेबांशी बोल. ते कारण न सांगता, इतर बदलांबरोबर सरकवून देतील.

हवालदार सुट्टीवरून परत आले की त्यांना सेक्शन देताना हे सगळं तोंडी आणि वहीसकट सांग. काय झालं, रिपोर्ट कोणाला केला, कंपनी कमांडर साहेब काय म्हणाले, रोस्टरमध्ये तुला काय सापडलं. रोस्टर त्यांनीच बनवलेला असेल, तर आकडे दाखव आणि मत त्यांच्यावर सोड.